स्लॅबवरचा राब

मी तेव्हा तरुण होते. चौसष्ट वर्षांची. आता त्र्याहत्तरावं संपत आलंय, त्यामुळे चौसष्टची ती बाई मला माझी नातच वाटते, आणि तीही जरा आगाऊ. तिला सगळं येत होतं. विचारायची कुणाला गरज नव्हती. त्या वर्षी माघात तिच्या हाती काडेपेटी पडली नसती तर फार बरं झालं असतं.

आमचं घर घोडबंदर रोडवरून कोलशेतच्या अंगाला वळलं की लागणाऱ्या मोठ्या संकुलात. तळमजला म्हणायचा, पण खाली दोन मजले गाड्या उभ्या. घराला लागून मागे आठ फूट रुंद आणि वीस फूट लांब अशी हिरवळ. यांनी घर घेतलं ते त्या पट्ट्यासाठी. चौतीस वर्षं डोंबिवलीत केमिकलच्या कारखान्यात काढली, राहायला तिसरा मजला, खिडकी उघडली की समोरच्यांच्या मोरीचं दार. तुळशीच्या पानांवर कधी पिवळी भुकटी बसायची, कधी करडी, आणि हे बोटाने पुसून वास घेऊन सांगायचे, आज कुठलं युनिट चालू आहे ते. डोंबिवलीची जागा मुलाला दिली आणि आम्ही इकडे आलो, तेव्हा या माणसाने पहिल्यांदा स्वतःच्या मालकीचं गवत पाहिलं.

सगळे लॉन म्हणायचे, हे हिरवळ म्हणायचे. रविवारी गुडघ्याखाली गोणपाट घालून शिंप्याच्या कात्रीने तिच्या कडा कापत बसायचे. मी दारातून म्हणायचे, "आता वेणी घाला तिला." ते मान वर न करता म्हणायचे, "वाढू दे जरा."

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या डाव्या हातातून चहाचा कप सुटला. मी आधी कपासाठी ओरडले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कप माझ्या आवडत्या सेटमधला होता, मी ओरडले, आणि मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

डावी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं, ते वरदान की शिक्षा हे मी अजून ठरवलेलं नाही. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांचा पलंग मी हॉलमध्ये काचेच्या सरकत्या दाराशी लावला. समोर हिरवळ दिसेल, बरं वाटेल, असा माझा हिशेब. पण हिरवळीला पाणी घालणार कोण, हे त्या हिशेबात नव्हतं. माझा दिवस त्यांचं भांडं, गोळ्या, मऊ भात, पाठीला पावडर यातच संपायचा. ठाण्याची थंडी ती काय, कपाटातले दोन स्वेटर काढायचे, उन्हात ठेवायचे आणि परत आत टाकायचे. थंडीने गवत मेलं असं कुणी म्हणू नये. ते तहानेने गेलं. शेजारच्या देशी बदामाने वरून लाल-लाल, पापडाएवढी पानं टाकली, त्यांच्याखाली गवत पिवळं पडलं, मग भुरं झालं. आणि हे पडल्यापडल्या रोज ते बघत राहिले, कारण पलंग मीच तसा लावला होता.

व्यायाम करून घ्यायला एक बाई डोंबिवलीहून यायची. पस्तिशीची, बारीक, हाताला मात्र पैलवानासारखा जोर. तिने सुरुवातीलाच सांगितलं होतं की पहिले तीन-चार महिने महत्त्वाचे, तेवढ्यात जे येईल ते येईल, पुढे फार अवघड होत जातं. डिसेंबरच्या शेवटी हे वॉकर धरून दोन पावलं टाकायला लागले होते. संक्रांतीनंतर तीही बंद केली. तिने उठवलं तर उठायचे, उभे राहायचे, आणि मागे बसायचे. "उद्या," म्हणायचे. उद्या पुन्हा "उद्या".

एका सकाळी ती बाई हात धुवायला स्वयंपाकघरात आली आणि नळ मुद्दाम मोठा सोडून म्हणाली, "काकू, पाय येतोय. माणूस येत नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे माझं काम मी करतेय. पण काकांनाच उठायचं नाहीये. हा महिना असाच गेला तर मग मी येऊन नुसते त्यांचे पाय दाबून जाईन."

त्याच दुपारी मी त्यांना वरण-भात भरवत होते. ते बाहेर बघत होते. म्हणाले, "ते सगळं काढून टाक."

"काय?"

"गवत. शहाबादी लावून घे. धुवायला सोपं पडेल तुला."

घास माझ्या हातातच राहिला. कात्रीने कडा कापणारा माणूस मला फरशी लावायला सांगत होता. तेव्हा मला कळलं की व्यायामवाली बाई म्हणते ते खरं आहे, हा माणूस आवराआवर करतोय. मी गेल्यावर तुला सोपं पडेल, एवढंच त्याला म्हणायचं होतं, फक्त त्याने ते फरशीवर ढकललं.

मी मनाशी ठरवूनच टाकलं. हिरवळ हिरवी झाली की हे उठतील. कसं, का, याला काही उत्तर नव्हतं. देवांना सगळं मागून झालं होतं, देवांनी ऐकलं नव्हतं, मग मी गवताच्या पायाशी बसले. आज हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. तेव्हा मी सकाळी सातला अंगात नायलॉनचा गाऊन, डोक्याला पंचा अशा अवतारात त्या पट्ट्यावर उतरायचे आणि पानं गोळा करायचे. खुरपं सापडेना म्हणून डोशाचं उलथनं घेतलं. माती अशी कडक की उलथनं वाकलं. पाणी घातलं तर आत मुरेचना, सगळं कडेच्या भोकातून खाली निघून गेलं आणि पार्किंगमधल्या एका गाडीवर पडलं. तासाभरात सेक्रेटरींचा फोन. मी त्यांना म्हटलं, "गाडी धुतली गेली, त्याचे आभार नंतर माना."

मुलाने फोनवर विचारलं, "आई, माळी बोलव ना सरळ."

"माळ्याला काय कळतंय? मी शेतकऱ्याची मुलगी आहे."

"आई, तू एकोणीस वर्षांची असताना डोंबिवलीत आलीस."

"मग? एकोणीस वर्षं कमी असतात का?"

तो तेव्हाच जोरात हसला असता तर पुढचं टळलं असतं.

संकुलाच्या बागेत काम करणारी एक आगरी बाई होती, साधारण माझ्याच वयाची. कोलशेतच्या जुन्या गावातली. आमची इमारत जिथे आहे तिथे त्यांची भातशेती होती, हे ती इतक्या सहज सांगायची की ऐकणाऱ्याचीच मान खाली जावी. ती कुंपणाच्या मेंदीवरून डोकावली. माझं उलथनं बघितलं. गवताची एक काडी उपटून नखाने चिरली, आत जरासं हिरवट दिसलं.

"मेला नाय गो बाय," ती म्हणाली. "निजलाय. वरून काप, कचरा काड, बारीक माती न खत पेर, पानी दे न गप बस. शिमग्याला उठल."

"शिमग्याला अजून किती?"

"म्हयना."

महिना. तोच महिना व्यायामवाल्या बाईने मला दिला होता. म्हणजे गवत उठेपर्यंत यांचे दिवस संपलेले. मी तिला "बरं" म्हटलं आणि तिचं अक्षरही ऐकलं नाही.

आणि त्याच दिवशी भांडी घासताना मला राब आठवला.

कोकणात माझ्या माहेरी भाताची रोपं जिथे करायची, तो तुकडा माघ-फाल्गुनात भाजून काढायचे. खाली शेण, वर झाडांचा पाला आणि काटक्या, त्यावर गवत, सगळ्यावर बारीक मातीचा हात, आणि मग वडील एका टोकाने पेटवायचे. त्याला राब करणं म्हणतात. जमीन काळी व्हायची, तण मरायचं, आणि मग त्याच काळ्यातून असा रोपांचा हिरवा तरवा उगवायचा की पोपटाने लाजावं. मेलेल्या जमिनीला जागं करायचं तर हेच. वडिलांचा धूर डोळ्यांपुढे आला, नाकात आला, आणि मला अगदी रडू फुटलं. इतके दिवस ही युक्ती माझ्याजवळ होती आणि मी उलथन्याने माती खरवडत बसले होते.

आता त्या शेतकऱ्याच्या मुलीबद्दल दोन गोष्टी सांगते. एक, तिने आयुष्यात कधी राब केलेला नव्हता. राबाच्या दिवशी तिचं काम म्हणजे वडिलांची भाकरी पोचवायची आणि बांधावर बसून बोरं खायची. दुसरी त्याहून वाईट. काळी जमीन आणि हिरवा तरवा यांच्यामध्ये अख्खा उन्हाळा जातो, मग पाऊस येतो, मग पेरणी होते. चार महिने. तिच्या आठवणीत ते चार महिने नव्हतेच. काळ्याला लागूनच हिरवं होतं. बोरं खाताना काळं बघितलेलं, पुढे शाळेतून येताना हिरवं बघितलेलं, मधलं सगळं वडिलांनी केलेलं.

शेण कुठून आणायचं हा प्रश्न होता. मोबाईलवर शोधलं तर मिळालं. दोन दिवसांत घरपोच खोका. आत बारा गोवऱ्या, बिस्किटांसारख्या गोल, एकेक सेलोफेनमध्ये गुंडाळलेली, वर "हवनासाठी शुद्ध" असं छापलेलं. मी एकीचा वास घेतला. शेणाला शेणाचा वास नव्हता. पण हवनासाठी चालतं ते गवतासाठी चालेल, असं म्हणून मी त्या फोडून पट्टाभर पसरल्या. वर तीन दिवस वाळवलेली बदामाची पानं, मेंदीच्या काटक्या, आणि शेवटी मातीचा हात म्हणून तुळशीच्या कुंडीतली माती. तुळशीला म्हटलं, "यांच्यासाठीच आहे."

यांनी विचारलं, "काय चाललंय तुझं?"

"साफसफाई."

"फरशीवाला येणार आहे का?"

मी पानं सारखी करायला बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता होऊन त्यांना डुलकी लागली. व्यायामवाली अकराला यायची होती. मला ती यायच्या आत सगळं उरकून, काळी स्वच्छ जमीन तयार ठेवायची होती. धूर आत येऊ नये म्हणून काचेचं दार मी नीट ओढून लावलं. पूर्ण लावलं. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे मला स्वतःलाच त्याची शंका यावी अशी वेळ आली.

वडील पेटवण्याआधी चिमूटभर धूळ वर उडवायचे, वारा बघायला. मीही उडवली, मोठ्या ऐटीत. धूळ घराकडून मेंदीकडे गेली. म्हणजे मेंदीच्या टोकाने पेटवायचं, आग वाऱ्याच्या उलट हळूहळू घराकडे सरकते आणि धूर बाहेर जातो. इथवर मला शंभरपैकी शंभर. मेंदीच्या कोपऱ्यात नळ होता, तिथे दोन फरशा, मी त्यावर उभी राहिले, म्हणजे वेळ पडली तर पाणी हाताशी. आणि काडी ओढली.

पाच मिनिटं तो राब अगदी वडिलांच्या राबासारखा जळला. कडकड असा बारीक आवाज, वर निळा धूर. मला इतकं समाधान कितीतरी दिवसांत झालं नव्हतं. मग दहा वाजले. दहाला आमच्याकडे वारा फिरतो. मी त्या घरात किती वर्षं राहत होते, रोज दहाला वाळत घातलेले कपडे उलट्या बाजूला उडताना बघत होते, आणि ते मला माहीत नव्हतं.

सरकत जाणारी आग एकदम उठून पळाली. घराच्या दिशेने. मोठी नव्हती, गुडघ्याएवढी, पण आठ फुटांचा पट्टा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पेटला, आणि त्याच्या पलीकडे दार, दाराच्या पलीकडे पलंग. बदामाची पानं धूर फार करतात. तो सगळा धूर काचेवर जाऊन आपटला. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, तिथून आत शिरताना मला दिसत होता. मी नळ फिरवला. नळाने एक सुस्कारा टाकला. दहाला सोसायटीचं पाणी जातं.

आगीतून पलीकडे जावं तर अंगात नायलॉन. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि गाऊनचा काठ आक्रसला, तशी मागे आले. आतून खोकला ऐकू आला. मग आणखी एक. मग हाक, "अगं", आणि पुन्हा, "अगं".

तीन महिने मी त्या माणसाला सकाळ-संध्याकाळ एकच वाक्य म्हणत होते, अहो, उठा. आणि त्या कोपऱ्यात उभी राहून मी किंचाळत होते, "अहो, उठू नका. उठू नका हो." कारण उठले तर पडणार हे मला माहीत होतं, आणि नाही उठले तर धूर.

वारा जरा थांबला, धूर फाटला, काचेतून पलंग दिसला. पलंगावर कुणी नव्हतं.

आगरी बाई मेंदीतून आली. कुंपण तोडूनच आली, एका हातात भिजलेलं गोणपाट, दुसऱ्या हातात कारंज्याच्या हौदातून भरलेली बादली. एक शब्द न बोलता तिने मधून एक वाट झोडपली, जशी माझ्या वडिलांनी झोडपली असती तशी, आणि मला दंडाला धरून त्या वाटेने ओढलं.

हे जमिनीवर होते, पलंग आणि दार यांच्या मध्ये, डाव्या कुशीवर. कपाळावर टेंगूळ आलं होतं. उजवा हात दाराच्या पट्टीवर. दार हातभर उघडं होतं आणि त्यातून धूर सरळ त्यांच्या तोंडावर येत होता. मी खाली बसले, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, आणि काय बोलावं ते न कळून रागावले. "कशाला उठलात? सांगत होते ना, उठू नका."

"धूर," ते म्हणाले. मग खोकले.

"दार कोनी उघडला?" आगरी बाईने ते लावून घेत विचारलं.

वाटलं, माझ्याकडूनच राहिलं असेल. इतकं सगळं माझ्याकडून झालं होतं, त्यात आणखी एक.

आम्ही दोघींनी त्यांना पलंगावर घेतलं. ती बाहेर गेली, उरलेलं विझवलं, आणि मग एका जागी बसून तिने बोटाने माती उकरली. वीतभर खाली गेली आणि बोट थांबलं. मला बोलावून दाखवलं. खाली करडं सिमेंट.

"ही लॉरीची माती गो बाय. खाली सिलॅब हाय, त्याच्याखाली गाड्या," ती म्हणाली. "राब जमिनीला करतान. गच्चीला नाय."

मुळं सगळी भाजून निघाली होती. वीतभर मातीला खालून सिमेंटनेही शेकलं असणार. ती म्हणाली होती त्याप्रमाणे केलं असतं तर शिमग्याला उठणारं गवत, ते आता कशानेच उठणार नव्हतं. मी त्या काळ्या पट्ट्याकडे बघत उभी राहिले. नवऱ्याचं गवत जाळलं, नवऱ्याला पाडलं, आणि महिना अजून संपायचा होता. रडू येईना. चौथ्या मजल्यावरून कुणीतरी धुराचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकले होते, ते फोनमध्ये टुणटुण वाजत होतं. त्यातला एक निरोप होता, "कृपया होळी होळीच्या दिवशीच करावी."

अकराला व्यायामवाली आली. घरभर वास, माझं काजळी लागलेलं तोंड, यांच्या कपाळावर बर्फाची पिशवी. तिने आधी मला जे काय बोलायचं ते बोलून घेतलं, त्यातलं एक अक्षर इथे लिहीत नाही, कारण सगळं खरं होतं. मग त्यांची कंबर, गुडघे, डोळे तपासले. डॉक्टरांना फोन लावला. मोडलं काही नव्हतं. मग ती हात कमरेवर ठेवून हॉलच्या मधोमध उभी राहिली.

"काका पडले कुठे?"

मी जागा दाखवली.

"इथे? दाराजवळ?"

"हो. हात दाराच्या पट्टीवर होता."

ती पलंगाकडे बघत राहिली, मग भिंतीला टेकवलेल्या वॉकरकडे. तो मी सकाळी ठेवला तिथेच होता. "मग पलंगावरून इथवर काय उडत आले?"

मला कळलं नाही. खरंच नाही कळलं. ती पलंगाला टाचा लावून उभी राहिली आणि यांचं पाऊल पडेल तसं तोकडं पाऊल टाकत दारापर्यंत आली. "पाच," ती म्हणाली. "वॉकरशिवाय. काकू, पाच."

आम्ही दोघींनी यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे बघत होते. तसेच बघत म्हणाले, "दार लावायला उठलो. धूर येत होता."

दार मी लावलं होतं. त्याच क्षणी मला ते पक्कं आठवलं, ओढताना ते मध्ये अडकलं होतं आणि मी कमरेने धक्का दिला होता, तेसुद्धा. लावलेलं दार लावायला कुणी उठत नाही. दार उघडायलाच उठतात, पलीकडे कुणी असेल तर. मी तोंड उघडलं आणि मिटलं. पुढे सहा वर्षं हे होते, भांडायला भरपूर वेळ होता, पण हा मुद्दा मी कधी काढला नाही. चौसष्टच्या त्या बाईने आयुष्यात शहाणपणाचं असं एक काम केलं असेल, तर ते हे.

पण पाच पावलं टाकली म्हणून सगळं सुरळीत झालं, असं समजू नका. धुराने त्यांची छाती भरली. आठ दिवस वाफ, औषधं, रात्रंदिवस खोकला. पाच पावलं टाकता येतात हे कळलं आणि सहावं टाकायला ते तयार नव्हते. व्यायामवाली म्हणायची, "काका, त्या दिवशी आलात तसे या." हे म्हणायचे, "त्या दिवशी आग होती." ती माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, "आता माझ्याकडे गोवऱ्या संपल्या."

हसायची ती. मी वळून स्वयंपाकघरात जायचे आणि ओट्याला धरून उभी राहायचे. महिन्याचे दिवस जात होते. बाहेर काळं, आत हे छताकडे तोंड करून.

शेवटी आगरी बाईच आली. वरची जळकी माती घमेल्यांनी काढली, नवी घातली, आणि एका सकाळी गोणपाटात हरळी घेऊन आली. गणपतीला दूर्वा म्हणून वाहतात तीच, शेतात मात्र तिला हरळी म्हणून उपटतात. खाडीकडे त्यांचा एक बांध अजून शिल्लक होता, त्यावरची. "तुमचा इलायती गवात नको," ती म्हणाली. "ही मरत नाय. आमी चालीस वर्सा उपटली, मेली नाय."

ठोंब वीतभर अंतराने ओळीत लावायचे होते. तिने पहिली ओळ लावली, सुतासारखी सरळ. दुसरी मी लावायला घेतली. माझी वाकडी झाली. मी वर पाहिलं तर काचेतून हे माझ्या ओळीकडे बघत होते. कपाळाला आठी. चौतीस वर्षं कारखान्यात पाइपांच्या जोडण्या तपासलेला माणूस तो.

तिसरी ओळ मी मुद्दाम वाकडी लावली. आगरी बाई सरळ करायला लागली तशी मी तिच्या हाताला चिमटा काढला.

"काय गो?"

"राहू दे वाकडी."

तिने आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चौथी ओळ तिने स्वतः अशी लावली की साप बरा.

दोन दिवस काही झालं नाही. मी दाराशी बसून भाजी निवडायचे आणि म्हणायचे, छान दिसतंय नाही? ते तोंड छताकडे फिरवायचे. तिसऱ्या सकाळी म्हणाले, "ती ओळ."

"कुठली?"

"तिसरी."

"काय झालं तिला?"

"तुला दिसत नाही?"

"सरळ तर आहे."

त्यांनी उजव्या हाताने पांघरूण बाजूला केलं. "वॉकर आण," म्हणाले.

मी आणला. पळत नाही आणला, हळू चालत आणला, जसं काही रोजचंच आहे. व्यायामवाली अजून यायची होती. एकटीने धरणं धोक्याचं होतं, हे मला कळत होतं, पण ती येईपर्यंत थांबले आणि तोवर "उद्या" झालं तर, या भीतीने मी त्यांच्या डाव्या बगलेत हात घातला. पलंग ते दार यायला किती वेळ लागला ते मला माहीत नाही. मधे ते दोनदा थांबले. एकदा मला म्हणाले, "थरथरू नको." उंबऱ्याशी उतरायला एक पायरी होती. आगरी बाई बाहेर पाणी शिंपत होती, तिने पाइप टाकला आणि दुसऱ्या बाजूने धरलं.

उजवा पाय मातीत आला. मग वॉकर. मग डावा, जो उचलत नव्हता, तो फरफटत आला आणि पहिल्या ओळीतले पाच-सहा ठोंब आडवे करून गेला.

"काका, पाय नका ठेवू," ती सवयीने म्हणाली. "आताच लावलाय. म्हयनाभर चालाचा नाय त्यावर."

"ठेवू दे गो," मी म्हटलं.

"मरल ती."

"मरू दे. परत लावू."

यांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ते वाकून तिसऱ्या ओळीकडे बघत होते, मग चौथीकडे, आणि चौथी बघून त्यांनी आगरी बाईकडे असं पाहिलं की तिने पदर तोंडाला लावला.

"सुतळी आण," ते मला म्हणाले. "आणि दोन खुंट्या. तुझ्या डोळ्यांचं काही खरं नाही."

सुतळी स्वयंपाकघरात पहिल्याच खणात होती. तरी मी सगळे खण उघडून बघितले, आणि बाहेरून दोनदा हाक आल्यावर ती घेऊन गेले.